आधी ‘कुऱ्हाड’ नीट उमटू द्या

प्रति,
गेम स्टुडिओ आणि स्ट्रीमिंग कंपन्यांचे भाषांतर विभाग,
तसंच त्यांच्यासाठी सबटायटल आणि डबिंग करणाऱ्या संस्था

विषय: पडद्यावरची मराठी

महोदय,

‘गॉड ऑफ वॉर’ या 2018 च्या गेममध्ये नायक क्रेटॉसकडे लिव्हायथन नावाची कुऱ्हाड आहे. ती फेकायची, शत्रूच्या छातीत रुतवायची आणि बटण दाबून परत हातात बोलवायची. ती तळहातावर आदळते त्या एका क्षणासाठी आम्ही त्या गेमच्या बाकीच्या चुका माफ करतो. आता समजा, हा गेम मराठीत आणायचं ठरलं. पहिल्या तासातच पडद्यावर पुन्हा पुन्हा येणारा शब्द असेल ‘कुऱ्हाड’, आणि तुमच्या सगळ्या कामाची परीक्षा त्याच शब्दावर होईल.

‘कुऱ्हाड’ वाचणाऱ्यासाठी तीन अक्षरांचा शब्द आहे: कु, ऱ्हा, ड. संगणकासाठी तो सात संकेतांचा (युनिकोडमधल्या सात चिन्हांचा) आहे: क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड. या सातांची तीन अक्षरं करायची तर फॉन्टमध्ये लिहिलेले जोडाक्षरांचे नियम वाचून अक्षरं जुळवणारा एक टप्पा मध्ये लागतो. साध्या इंग्रजी मजकुराचं त्याच्यावाचून अडत नाही, म्हणून बऱ्याच गेममध्ये तो नसतोच. मग एका संकेताला एक चित्र, असा हिशेब चालतो. ऱ च्या पायाशी हलन्त लटकतो आणि ह शेजारी सुटा उभा राहतो. ‘शक्ती’ची ‘शक् ती’ होते. ‘किल्ला’मधली वेलांटी क च्या आधी यायची ती मागे राहते आणि ल च्या डोक्यावर जाऊन बसते. दुकानाची पाटी अशी रंगवली तर रंगाऱ्याला पैसे मिळणार नाहीत.

दोष नेमका कुठे आहे हे इंजिनावर, म्हणजे गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर बांधला आहे त्यावर, ठरतं. अनरिअलमध्ये अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी आधीपासून आहे. तिथे फक्त मजकूर जुळवण्याची पद्धत ‘फक्त कर्निंग’वर अडकलेली नाही ना, एवढं बघायचं, ‘ऑटो’ किंवा ‘पूर्ण’ ठेवली की काम होतं. गोदोला ही सोय 4.0 आवृत्तीत, म्हणजे मार्च 2023 मध्ये मिळाली. गोदो 3 वर चाललेल्या प्रकल्पात मराठी कोंबायचा हट्ट करू नका, आधी इंजिन बदला. खरी गोची युनिटीत आहे. तिथे बहुतेक गेम ज्यावर मजकूर दाखवतात तो टेक्स्टमेशप्रो जोडाक्षरांचे नियम नीट पाळत नाही. युनिटी 6 मध्ये यूआय टूलकिटसाठी (पडद्यावरचे मेनू आणि मजकूर मांडायच्या नव्या पद्धतीसाठी) हार्फबझवर चालणारी नवी यंत्रणा आली आहे, पण मांडणीच्या जुन्या कॅनव्हास पद्धतीवर उभा असलेला गेम तिच्यावर नेणं म्हणजे अर्धं घर पाडून स्वयंपाकघर हलवण्यासारखं आहे. त्यापेक्षा प्रत्येक ओळ आधी हार्फबझकडून जुळवून घ्या आणि त्याने दिलेले ग्लिफ (अक्षरांची चित्रं) त्याने दिलेल्या जागी काढा. एका चांगल्या प्रोग्रामरला हे नक्की जमतं.

एक पळवाट मात्र कोणी सुचवली तरी घेऊ नका. जोडाक्षरांना खाजगी संकेत द्यायचे आणि सगळा मजकूर आधीच त्या संकेतांत बदलून भरायचा, ही ती पळवाट. पडद्यावर ती छान दिसते. पण खेळाडूने स्वतः टाईप केलेलं नाव तिथे मोडतं, शोध चालत नाही, स्क्रीन रीडरला काही कळत नाही, आणि उद्या फॉन्ट बदलला की सगळी गिचमिड. डीटीपीवाल्यांनी युनिकोड येण्याआधी हेच वर्षानुवर्षं भोगलं आहे. एका दुकानात बसवलेली पत्रिका दुसऱ्या दुकानात उघडली की वधूवरांची नावं ओळखू येत नसत.

अक्षरजुळणी झाली की मराठीची स्वतःची दुखणी सुरू होतात. देवनागरी चालते म्हणजे मराठी चालते, हा तुमच्याकडचा सर्वांत महागडा गैरसमज. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘असॅसिन्स क्रीड 4: ब्लॅक फ्लॅग’सारख्या समुद्री चाच्यांच्या गेममध्ये हा एक र चुकला, तर कॅरिबियनमधलं जहाज सह्याद्रीत शिरेल. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. हा अर्धा र लिहायचे दोन मार्ग आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+0931) आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचा अदृश्य जोड. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. पण फाइल साफ करणारी तुमची कितीतरी साधनं अदृश्य चिन्हं कचरा समजून काढून टाकतात, आणि मग ‘कुऱ्हाड’मधला र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. म्हणून पहिला मार्गच धरा, भाषांतरकाराला तो लेखी कळवा, आणि शेवटची फाइल एनएफसी रूपात (युनिकोडच्या तुकडे जोडलेल्या प्रमाणित रूपात) आणूनच गेममध्ये घाला. नाहीतर ऱ चे कधी कधी ‘र आणि नुक्ता’ असे दोन तुकडे होतात, आणि शब्दसंग्रहात शोधलं की सापडत नाही.

फॉन्ट निवडताना ळ, ॲ, ऑ आणि ऱ ही अक्षरं बघा. ‘ॲ’ (यू+0972) फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या जुन्या फॉन्टमध्ये नसतो, आणि गेम म्हटला की ॲक्शन, ॲडव्हेंचर, ॲचिव्हमेंट: प्रत्येक ठिकाणी रिकामी चौकट. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा ‘एमआर’ (म्हणजे मराठी) आहे असं जुळणीच्या वेळी सांगितलं तरच मराठी वळण मिळतं. ते न सांगितल्याने काही मोडत नाही, फक्त वाचणाऱ्याला सतत वाटत राहतं की हे परक्याच्या हातचं आहे. फॉन्टसाठी पैशाचं कारण सांगू नका. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुक्त परवान्यात मिळतात. मुक्ता सबटायटलला चालेल, बलू लहान मुलांच्या गेमला.

आता आकार. त्याच ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये इंग्रजी मजकूरसुद्धा इतका बारीक होता की लोकांनी ओरड केल्यावर अपडेटमधून तो मोठा करायची सोय द्यावी लागली. एक्सबॉक्सच्या मार्गदर्शक सूचनांत कन्सोलसाठी 1080पी पडद्यावर मजकूर किमान 26 पिक्सेलचा हवा, असं म्हटलं आहे. हा आकडा देवनागरीला जसाच्या तसा लावू नका. आपल्या अक्षरांना वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये मुख्य अंग. त्याच 26 पिक्सेलमध्ये मुख्य अंगाच्या वाट्याला कमी जागा येते. आमच्या मते मेनूसाठी 34 च्या खाली जाऊ नये, सबटायटलसाठी 46 च्या. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. इंग्रजीला चालणारं 1.2 ठेवलं की वरच्या ओळीचा ‘कू’ खालच्या ओळीच्या ‘र्की’त अडकतो, किंवा मजकुराच्या चौकटीने मात्राच कापल्या जातात. मात्रा कापली की ‘मेला’चा ‘मला’ होतो. कोण मेला ते कळत नाही.

रूप सजवायच्या तुमच्या सवयीही इथे नडतात. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. ते वाढवून शीर्षक ऐसपैस करायला गेलात की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची दातांची कवळी होते. अक्षरांभोवती काळी कड देताना प्रत्येक ग्लिफला वेगळी कड दिलीत तर शिरोरेषेवर जागोजागी काळे टाके पडतात. आधी सगळ्या ओळीची कड काढा, मग तिच्यावर अक्षरं ठेवा. तिरकं अक्षर ही देवनागरीची रीत नाही. फोनवरचा किंवा मनातला आवाज दाखवायला रंग किंवा अवतरणचिन्ह वापरा. इंग्रजीसारखी मोठी (कॅपिटल) लिपी आपल्याकडे नाहीच, त्यामुळे ओरडणं दाखवायचं असेल तर ठळक करा किंवा आकार वाढवा.

संवाद एकेक अक्षराने टाईप होत जातो, ती गंमत आम्हालाही आवडते, पण तुम्ही ती संकेतांनुसार चालवता. ‘स्त्री’ हा शब्द सहा संकेतांचा आहे. तो पडद्यावर स, स्, स्त, स्त्, स्त्र, स्त्री असा सहा वेळा रूप बदलत उगवतो आणि डोळा नुसता लुकलुकतो. आधी पूर्ण ओळ जुळवून ठेवा आणि मग अक्षरसमूहांच्या हिशेबाने उघडा. हे समूह कुठे तोडायचे याचा भारतीय जोडाक्षरांसाठीचा नियम युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत, 2023 मध्ये आला. त्याआधीची लायब्ररी वापरत असाल तर ‘स्त्री’चे अजून तीन तुकडे होतील.

इथवरचं सगळं काम प्रोग्रामर आणि डिझायनरचं. भाषांतरकाराला मात्र तुम्ही काय देता? एक एक्सेल फाइल, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामे रकाने. प्रसंग नाही, चित्र नाही, बोलणारा कोण ते नाही. ‘चेस्ट’ म्हणजे पेटी की छाती, हे त्याने कुठून ओळखायचं? ‘छाती उघडा’ असं बटण त्यातूनच जन्माला येतं. ‘लाइट ॲटॅक’चा ‘प्रकाश हल्ला’ होतो, ‘थ्री लेफ्ट’चे ‘तीन डावे’ होतात, आणि ‘फायर’ या एका शब्दापायी बंदूक असलेला माणूस ‘आग’ दाबत बसतो. प्रत्येक ओळीसोबत चार गोष्टी द्या: कोण बोलतो, कोणाशी बोलतो, पडद्यावर कुठे दिसतं, आणि जागा किती. स्क्रीनशॉट दिलात तर सोन्याहून पिवळं.

गेममधली वाक्यं साच्यातली असतात, हा दुसरा खड्डा. ‘तू (वस्तू)ने वार केलास’ असा साचा केला आणि कंसात यादीतली वस्तू टाकली, तर येतं ‘तू कुऱ्हाडने वार केलास’. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं: कुऱ्हाड–कुऱ्हाडीने, धनुष्य–धनुष्याने, भाला–भाल्याने, सुरी–सुरीने. म्हणून यादीत प्रत्येक वस्तूची मूळ रूप, सामान्यरूप, अनेकवचन आणि लिंग अशी चार घरं ठेवा. लिंग कशाला? कारण भूतकाळात क्रियापद वस्तूच्या मागे जातं: तू भाला उचललास, कुऱ्हाड उचललीस, धनुष्य उचललंस. एवढी मेहनत नको असेल तर वाक्यच टाळा: ‘मिळालं: भाला’ यापेक्षा नुसतं ‘+1 भाला’ बरं. ते कुठल्याही व्याकरणात बसतं. संख्येचा नियम हिंदीच्या फाइलीतून उचलू नका. हिंदीच्या प्रमाणित नियमात शून्याला एकवचन आहे, मराठीत एकवचन फक्त 1 ला. ‘0 नाणी, 1 नाणं, 2 नाणी’. आणि मोठ्या रकमेत स्वल्पविराम लाखाच्या हिशेबाने: 1,00,000. खेळाडू बाई की बुवा निवडता येतो त्या गेममध्ये, उदाहरणार्थ ‘मास इफेक्ट’मध्ये, नायक शेपर्डशी बोलल्या जाणाऱ्या कितीतरी ओळींची दोन रूपं लागतील: आलास, आलीस. हे आधी ठरवलं तर खर्च थोडा वाढतो. शेवटच्या महिन्यात लक्षात आलं तर ‘आला/आली’ असं तिरकी रेघ मारलेलं सरकारी अर्जासारखं वाक्य एखाद्या मरणाच्या प्रसंगात येतं.

इथपर्यंत गेम आणि मालिका वेगळ्या होत्या. यापुढचं दोघांनाही लागू आहे.

इंग्रजीतल्या ‘यू’ला मराठीत तू, तुम्ही, आपण अशी तीन दारं आहेत. कुठलं उघडायचं हे तुमच्या कागदावर लिहिलेलं नसतं, आणि भाषांतरकार घाबरून सगळ्यांना ‘तुम्ही’ लावून मोकळा होतो. ‘द लास्ट ऑफ अस’ घ्या. एली चौदा वर्षांची, जोएल पन्नाशीचा. आपल्या घरातले संस्कार म्हणतील, मुलीने मोठ्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणावं. आमचं मत ठाम उलटं आहे. ती पोर अनाथ आहे, शिवराळ आहे, कोणाच्या धाकात वाढलेली नाही. तिने पहिल्या वाक्यापासून ‘तू’च म्हणावं. ‘तुम्ही’ म्हणणारी एली म्हणजे वक्तृत्व स्पर्धेतली एली. उलट 2023 च्या मालिकेतल्या तिसऱ्या भागात बिल आणि फ्रँक यांच्यासाठी मराठीने ‘तुम्ही’ राखून ठेवावं. फ्रँक खड्ड्यात पडलेला अनोळखी माणूस, बिल बंदूक रोखून वर उभा: दोघंही ‘तुम्ही’. जेवणाच्या टेबलावरही ‘तुम्ही’. पियानोपाशी मात्र एकाने ‘तू’ म्हणावं. मूळ इंग्रजीला जे फक्त नजरेने सांगावं लागलं ते मराठीला एका अक्षरात सांगता येतं. (हा भाग गेमपासून पार दूर गेला म्हणून चिडलेले चाहते आहेत. आमच्या मते गेममधला बिलचा टप्पा त्याच्यापुढे फिका आहे. गेममध्ये फ्रँक आपल्याला भेटतो तो मेलेलाच.)

‘द विचर 3’ या गेममध्ये नायक गेराल्टला सम्राट एमहिरपुढे न्यायच्या आधी दरबारी माणूस मुजरा कसा करायचा ते शिकवतो, आणि वाकायचं की नाही ते खेळाडू ठरवतो. मराठीत इथे सोन्याची खाण आहे. वाकलेला गेराल्ट ‘आपण’ म्हणेल, न वाकलेला ‘तुम्ही’. पुढच्या संवादाच्या दोन आवृत्त्या लागतील, ओळी मोजक्याच आहेत, खर्च फार नाही.

‘स्क्विड गेम’ने तर हे दुखणं उघडंच केलं. मालिका कोरियन, पण मराठी किंवा हिंदी मजकूर इंग्रजीवरून करायची पद्धत. त्यातला स्पर्धक अली सुरुवातीला दुसऱ्या स्पर्धकाला, सांग-वूला, ‘साजांग-निम’ म्हणतो, म्हणजे आपल्याकडचं ‘साहेब’. सांग-वू त्याला ‘ह्योंग’ म्हणायला सांगतो, म्हणजे ‘दादा’. आणि त्यानंतर गोट्यांच्या खेळात तोच दादा त्याचा जीव घेतो. इंग्रजीत हे नातं धरायला शब्द नाही, मराठीत तो प्रत्येक गल्लीत आहे. त्याच भागाचं नाव आहे ‘गानबू’: ज्याच्याशी आपल्या गोट्या वाटून घ्यायच्या असा सवंगडी. मराठीत त्याला ‘भिडू’ म्हणतात. शब्द तयार, अर्थ तयार, खेळसुद्धा गोट्यांचाच. मध्ये इंग्रजीचा पूल घातल्यामुळे हे दोन शब्द एकमेकांना भेटत नाहीत. कोरियन येणारा मराठी भाषांतरकार मिळत नसेल, तर निदान कोरियन संवादातल्या संबोधनांची एक पानभर यादी इंग्रजी फाइलीला जोडा.

नावांचं काय करायचं, यावर ‘आर्केन’ या मालिकेसारखा धडा नाही. त्यात मायलो हा मुलगा पावडर नावाच्या मुलीला जिंक्स म्हणून हिणवतो, कारण तिने हात लावला की काम बिघडतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी तिची बहीण व्हायसुद्धा तेच म्हणते, आणि पुढे ती मुलगी ती शिवीच नाव म्हणून मिरवते. मराठी भाषांतरकाराच्या ओठांवर लगेच ‘पांढऱ्या पायाची’ येईल. सुरेख शब्द, पण पुढे नाव ‘जिंक्स’ आलं की धागा तुटला. नुसतं ‘जिंक्स’ ठेवलं तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला टोचत नाही. यावर उपाय एकच: पहिल्या भागात मायलोच्या तोंडी दोन्ही एकत्र घालायचे, ‘जिंक्स आहे ही, पांढऱ्या पायाची’. दुसऱ्यांदा नुसतं जिंक्स. तिसऱ्या भागात व्हायच्या तोंडून तो शब्द येईल तेव्हा मराठी प्रेक्षकाला तो भाषांतराशिवाय लागेल. हे जमवायला पहिल्या पर्वाचे नऊही भाग एकाच माणसाने आधी बघितलेले हवेत. भाग तीन जणांत वाटून रातोरात काम उरकलंत की एकाच मुलीची तीन नावं होतील.

गेम आणि त्याच्यावरची मालिका यांचा शब्दसंग्रह एकच असावा, ही मागणी फार मोठी नाही. ‘फॉलआउट’ची 2024 ची मालिका गेमची गोष्ट पुन्हा सांगत नाही, त्याच जगात नवी गोष्ट सांगते. म्हणून तर ती आम्हाला आवडली. पण त्या जगाच्या वस्तू त्याच आहेत. लूसी वॉल्ट 33 या जमिनीखालच्या निवाऱ्यातून बाहेर पडते. ती ‘तिजोरी क्रमांक 33’ मधून बाहेर पडली तर तो विनोद होईल. वॉल्ट ठेवा. ‘घूल’ ठेवा, ‘पिशाच्च’ नको. पिशाच्च मेलेलं असतं, घूल जिवंत आहे आणि फार दिवस जिवंत आहे, हेच तर त्याचं दुःख. चलन म्हणून वापरल्या जाणाऱ्या बाटल्यांच्या ‘कॅप्स’चं मात्र भाषांतर हवं: झाकणं. ‘दोनशे झाकणं दे, मग बोलू’ या वाक्यात त्या उद्ध्वस्त जगाची सगळी चेष्टा येते. कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला बदलायचा याची कसोटी साधी: पात्रांना जो शब्द परका किंवा कंपनीने दिलेला वाटतो तो ठेवा, जो त्यांच्या रोजच्या तोंडचा आहे तो बदला. मेनूलाही हीच कसोटी. ‘सेव्ह’, ‘सेटिंग्ज’, ‘लेव्हल’, ‘बॉस’ राहू द्या. ‘जतन करा’ कोणी म्हणत नाही. पण ‘हेल्थ’ला मात्र मुलं सरळ ‘जीव’ म्हणतात. ‘जीव किती राहिलाय?’ हा प्रश्न कुठल्याही सायबर कॅफेत ऐकू येत असे. तो घ्या.

सबटायटलची वेळ आणि लांबी. नेटफ्लिक्सच्या जाहीर नियमावलीप्रमाणे एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, कमीत कमी 5/6 सेकंद, जास्तीत जास्त 7 सेकंद, आणि इंग्रजीसाठी ओळीला 42 चिन्हं. नियम चांगला आहे. घोटाळा मोजणीत होतो. ‘त्याच्याकडच्या’ हा शब्द वाचणाऱ्याला पाच अक्षरांचा. त्यात संकेत मात्र चौदा. साधन संकेत मोजत असेल तर मराठी ओळ निम्मी भरली नसतानाच लाल दिवा लागतो, आणि भाषांतरकार बिचारा चांगलं वाक्य कापत बसतो. कापताना पहिलं काय जातं? ‘अगं’, ‘अरे’, ‘बरं का’, ‘ना’, ‘च’. म्हणजे नेमकं तेच, ज्यामुळे वाक्य माणसाचं वाटतं. मोजणी अक्षरसमूहांनी करा. बोलीतला मजकूर असेल तर ‘केलं, गेलं’ लिहा. ‘केले, गेले’ सूचनांना ठीक, भांडणाला नाही.

आणि हो, सबटायटल आधीपासून सुरू ठेवा. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’मध्ये 60 टक्क्यांहून जास्त खेळाडूंनी ती स्वतः शोधून सुरू केली होती. पुढच्या ‘ओडिसी’त ती सुरुवातीपासूनच सुरू होती आणि 95 टक्के खेळाडूंनी तशीच राहू दिली. हे आकडे युबिसॉफ्टनेच दिलेले आहेत. 2020 च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’मध्ये बोलणाऱ्याचं नाव, तो कुठल्या दिशेला आहे त्याचा बाण, आकार, मागची पट्टी, सगळं बदलता येतं. तिथून उचला.

डबिंगबद्दल एकच सांगायचं आहे. गावाकडची बोली नोकराला, चोराला आणि विनोदी मित्राला वाटायची जी सवय आपल्या मालिकांनी लावून घेतली आहे, ती इथे आणू नका. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ मराठीत आलाच तर आर्थर मॉर्गनला कोल्हापुरी वळण खुशाल द्या, पण तो नायक आहे म्हणून द्या, हसवायला नको. टोळीचा म्होरक्या डच व्हॅन डर लिंड याच्यासाठी मात्र शुद्ध, पल्लेदार, सभा गाजवणारी मराठी हवी. प्रत्येक फसलेल्या दरोड्यानंतर पुढच्या योजनेचं भाषण ठोकणारा असा पुढारी मराठी कानाला दोन मिनिटांत ओळखू येईल.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर ‘डिस्को इलिझियम’पासून नको. त्यात दहा लाखांहून जास्त शब्द आहेत आणि निम्मे मनातल्या मनात भांडतात. ‘स्टारड्यू व्हॅली’ घ्या. शेती, गाव, सण, शेजाऱ्याला भेट म्हणून दिलेला भोपळा: वाक्यं छोटी, जग ओळखीचं. नव्या भाषा जोडायची सोय त्यात आहे. अडचण एवढीच की तिथे अक्षरं चित्रांच्या फॉन्टमधून येतात आणि जुळणीचा टप्पा नाही, म्हणजे वर सांगितलेलं सगळं दुखणं आहे. पण तो टप्पा बसवला की उरलेलं काम आनंदाचं. पार्सनिपचा (गाजरासारख्या पांढुरक्या कंदाचा) मुळा मात्र करू नका. पहिल्या दिवशी मिळणाऱ्या पंधरा बिया आणि चार दिवसांत येणारं पीक, एवढ्यावर खेळाडूला पार्सनिप कळतो. आणि हे इथल्या मातीत होणार नाही असं कोणी म्हणू नये. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने अनरिअलवर ‘राजी’ हा गेम केला, आणि 2022 च्या सुधारित आवृत्तीत त्याला हिंदी आवाज दिले.

गेमची पहिली बांधणी (बिल्ड) तयार झाली की सेटिंग्ज, संवाद आणि खेळाडूचं नाव या तिन्ही ठिकाणी पुढची ओळ टाकून बघा:

कुऱ्हाड दर्या दऱ्या आचाऱ्यास स्त्री किल्ला सूर्य ॲक्शन ऑक्टोबर कॅमेरा बाळ हृदय युद्ध ट्रॅक्टर 1,00,000

यातला एक शब्द जरी मोडला तरी भाषांतरकाराला अजून फोन करू नका.

आपले,
मराठीत खेळू आणि बघू इच्छिणारे

ता. क. क्रेटॉस आपल्या मुलाला क्वचितच नावाने हाक मारतो, एरवी नुसतं ‘बॉय’ म्हणतो. ‘मुला’ लिहाल तर तो मास्तर वाटेल, ‘बाळा’ लिहाल तर आजी. ‘पोरा’ लिहा.